सतरा नंबरची बाटली

"ताटात काय आहे, भोइटे?"

"फुलं, साहेब."

"फुलांखाली?"

"हळदकुंकू."

"आणि त्याच्या खाली?"

"ताट, साहेब."

डॉ. अष्टपुत्रे प्रयोगशाळेच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभे होते. समोर आमच्या संस्थेचे जुने परिचर दत्तू भोइटे झेंडूच्या फुलांचं ताट घेऊन, नैवेद्य दाखवायला आल्यासारखे अदबीने उभे. दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी माणूस आपापल्या पोटाच्या साधनाला हळदकुंकू लावतो. लोहार भात्याला, शिंपी मशीनला, रिक्षावाला रिक्षाला. आमच्या हिशेब खात्यात प्रिंटरची पूजा व्हायची आणि वर्षातून तेवढा एकच दिवस तो कागद न चावता बाहेर सोडायचा.

अष्टपुत्र्यांच्या प्रयोगशाळेत मात्र पूजा बंद होती. पूर्वी कधीतरी एका गरगर फिरणाऱ्या यंत्राला कोणीतरी मनापासून कुंकू लावलं होतं. ते यंत्र सुरू झालं तेव्हा समोरच्या भिंतीवर आणि अष्टपुत्र्यांच्या शर्टावर सारखंच कुंकू आलं. त्यावर पूजाबंदीचं परिपत्रक निघालं होतं आणि तेव्हापासून दर खंडेनवमीला सर स्वतः दारात पहारा देत.

"पूजा नाही करत, साहेब," भोइटे म्हणाले. "नुसतं बोट लावायचं. यंत्राला बरं वाटतं."

"यंत्राला काही वाटत नाही."

"मग वाईटही वाटणार नाही त्याला."

सरांनी थोडा वेळ या युक्तिवादात खोट शोधली. ती सापडेना तेव्हा त्यांनी ताटच काढून घेतलं.

"जप्त," ते म्हणाले आणि ताट घेऊन आपल्या केबिनमध्ये गेले.

भोइटे माझ्याकडे वळले. "लाटकरसाहेब, जप्तीची पावती मिळते का हो?"

मी त्या संस्थेचा जनसंपर्क अधिकारी होतो. पुण्याच्या एका टेकडीवर ती संस्था होती आणि तिथली हुशार माणसं पेशींवर, म्हणजे आपण सगळे ज्या बारीक विटांनी बांधलेलो आहोत त्या विटांवर, संशोधन करायची. त्यांनी काय केलं ते वर्तमानपत्रांना समजेल असं सांगणं हे माझं काम. मला स्वतःला समजलंच पाहिजे अशी अट नेमणूकपत्रात नव्हती. मधुमेह मी माझ्या नोकरीत अनेकदा बरा केला. तो पुन्हा होत गेला त्याला माझा इलाज नव्हता.

अष्टपुत्र्यांचं काम मात्र मला खरंच कळत असे, कारण ते मला रेवतीने समजावलं होतं. रेवती चौगुले इचलकरंजीची, यंत्रमागवाल्याची मुलगी. सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होती. मला काका म्हणायची.

"काका, म्हाताऱ्या माणसाच्या कातडीतल्या पेशी घेतल्यात आम्ही. त्यांच्यात एक जनुक झोपलेलं असतं. तरुणपणी ते जागं असतं, मग झोपतं. आम्हाला ते उठवायचंय."

"आणि उठलं ते कळणार कसं? जांभई देतं?"

"त्याच्या शेपटीला आम्ही जेलीफिशचं एक जनुक बांधलंय. झोपलेलं उठलं की हे पण उठतं आणि निळ्या उजेडात हिरवं चमकतं. आणि ते चमकणार फक्त पेशीच्या गाभ्यात. तशीच रचना केलीय आम्ही."

झोपलेल्याला उठवायला त्यांनी एकेक रसायन आजमावलं होतं. सोळा रसायनं झाली तरी त्या जनुकाने कूससुद्धा बदलली नाही. आता सतरावं होतं. पेशींना जे खाद्य देतात ते दिसायला कोकम सरबतासारखं, लालसर गुलाबी. त्याच्या दोन बाटल्या होत्या. एकीत नुसतं खाद्य, दुसरीत खाद्य आणि सतरा नंबर. अर्ध्या पेशींना ही बाटली, अर्ध्यांना ती. बाकी सगळं दोघींना एकसारखं असलं पाहिजे. एकीला ऊब तर दुसरीलाही तेवढीच, एकीला हात लावला तर दुसरीलाही लावायचा. साध्या बाटलीला ते कंट्रोल म्हणत. तत्त्व इतकं सोपं आहे की ते पाळायला माणसाला डॉक्टरेट करावी लागते.

रेवतीची मात्र मुदत संपत आली होती. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे दिवाळीच्या आत प्रबंध दिला नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती. सहा वर्षं पाण्यात. वाढीव मुदत मिळायची तर तज्ज्ञ समितीने शिफारस करायला हवी आणि समिती यायची होती पुढच्याच सोमवारी. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण सतरा नंबरवर अडलं होतं. इचलकरंजीहून तिच्या आईचा फोन यायचा, "बाळ, त्या पेशी म्हाताऱ्या आहेत म्हणतेस. अजून थोडं थांबलीस तर त्यांना सोबत होईल तुझी."

खंडेनवमीच्या त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, समितीच्या चहापाण्याचं विचारायला मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. अष्टपुत्रे हे आडनाव असूनही सर अविवाहित होते. आईबरोबर राहायचे. ती त्या चैत्रात गेली होती आणि तेव्हापासून त्यांचा डबा एका खाणावळीतून यायचा. जप्त केलेलं ताट कपाटावर वर्तमानपत्राखाली झाकलेलं होतं. सर फाइल चाळत होते. त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तेवढं टोकाला पिवळं होतं.

"डब्यात पिठलं होतं," ते म्हणाले.

मी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुट्टी. मी स्टुलावर चढून दाराला तोरण बांधत होतो, तेवढ्यात सरांचा फोन आला.

"लाटकर, असाल तसे या."

मी होतो तसा जाणं संस्थेच्या प्रतिमेला शोभलं नसतं, म्हणून पॅन्ट चढवून गेलो. सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत सर उभे होते आणि रेवती यंत्रापाशी बसली होती. पेशींना दसऱ्याची सुट्टी नसते, त्यामुळे ती सकाळीच आली होती.

"बघा," सर म्हणाले.

मी डोळा लावला. काळोखात हिरव्या चांदण्या. लांबट, पसरलेल्या, आतून पेटल्यासारख्या. कंट्रोलच्या पेशींची डिश लावली तर नुसता काळोख. पुन्हा सतरा नंबर, पुन्हा हिरवं. इतक्या वर्षांत मी त्या यंत्रातून बरंच काही पाहिलं होतं आणि वा वा म्हटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून म्हटलं.

"उठलं," सर हलक्या आवाजात म्हणाले. "लाटकर, उठलं ते."

रेवतीने पुन्हा यंत्राला डोळा लावला.

"अगं, तुझं शेवटचं प्रकरण झालं. हस की."

"सर, गाभा काळा आहे."

"काय?"

"गाभ्यात चमकायला हवं होतं. गाभा सोडून सगळीकडे चमकतंय. घरभर उजेड आणि देवघरात अंधार."

"इथे देवघराचं नाव काढू नकोस," सर म्हणाले. मग आवाज मऊ करून, "शोध हा असाच असतो, रेवती. आपण बोलावतो एकाला आणि येतो दुसराच. आला आहे ना? त्याला आधी बसायला पाट द्यावा. तुझा भाऊ आला नाही, तू आलास, असं दारात उभं करून बोलू नये."

मी खिशातून आपट्याची पानं काढून दोघांना दिली. सरांनी ती घेतली, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती आपट्याची नसून कांचनाची आहेत असं सांगितलं आणि जपून वरच्या खिशात ठेवली.

पुढचे दोन दिवस सर जमिनीवरून चालत नव्हते. रेवतीने प्रयोग पुन्हा केला, पुन्हा चमकलं. संचालकांनी येऊन पाहिलं, आरशात पाहावं तसं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे चेहऱ्याला लावता येईल का?" मी बातमीचे तीन मसुदे तयार केले. पहिल्यात वार्धक्य लांबणार होतं, दुसऱ्यात थांबणार होतं, तिसऱ्यात ते उलट फिरून निघून जाणार होतं. सरांनी तिसरा पसंत केला.

शनिवारी दुपारी रेवती माझ्या खोलीत आली. दार लावलं.

"काका, एक वास घ्या."

तिने एक पांढरा कागदी रुमाल माझ्या नाकाशी धरला. त्यावर पिवळा डाग होता. वास स्पिरिटचा होता आणि त्याच्या मागे कुठेतरी आमचं स्वयंपाकघर.

"फोडणी?" मी म्हटलं.

"हळद. सतरा नंबरच्या बाटलीच्या तोंडाशी होती. झाकणाखाली."

"हळदीचं काय?"

ती खुर्चीत बसली आणि तिने मला सावकाश सांगितलं. गाभा काळा का, हे तिच्या मनातून जाईना. म्हणून तिने ज्या पेशींत जेलीफिशचं जनुक घातलेलंच नव्हतं अशा कोऱ्या पेशींना त्या बाटलीतलं खाद्य दिलं. त्याही चमकल्या. मग सतरा नंबर घालून नवी बाटली बनवली आणि जनुक असलेल्या पेशींना दिली. त्या काळ्या राहिल्या.

"म्हणजे सतरा नंबर चमकत नाही, काका. बाटली चमकते."

"पण हळद?"

"निळ्या उजेडात हळद हिरवी चमकते. पेशी तिला आत घेतात, सगळीकडे पसरवतात, गाभ्यात फारशी जाऊ देत नाहीत. आता आत गेली कशी म्हणाल, तर बाटली कामाच्या निर्जंतुक कपाटात घेण्याआधी आम्ही तिच्यावर स्पिरिटचा फवारा मारतो. जंतू जावेत म्हणून. पाण्यात हळद विरघळत नाही, स्पिरिटमध्ये लगेच विरघळते. झाकणावर हळद असेल तर ती फवाऱ्याबरोबर ओघळून बाटलीच्या ओठाशी येणार. मी ओतते तिरपी करून. गेली आत. मी जितकी स्वच्छता पाळली तितकी ती जास्त गेली."

"आणि तुला दिसली नाही?"

"खाद्य गुलाबी. झाकण नारिंगी. काय दिसणार?"

आम्ही भोइट्यांना बोलावलं. रुमाल पाहून ते लगेच मागे सरले.

"माझा संबंध नाही. माझं ताट दारातच जप्त झालं. लाटकरसाहेब साक्षीदार आहेत."

ते खरं होतं. खंडेनवमीला त्या मजल्यावर हळद आली ती एकाच ताटातून, आणि ते ताट ज्या केबिनमध्ये गेलं तिथून बाहेर आलं नव्हतं. आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता बसलो.

"त्या दिवशी सरांचं बोट पिवळं होतं," रेवती शेवटी म्हणाली. "मी काही विचारलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले, बटाट्याची भाजी."

"मला पिठलं सांगितलं," मी म्हटलं.

"मला आयोडीन," भोइटे म्हणाले.

पिठलं काय, भाजी काय, माणूस पाची बोटांनी खातो. एकट्या करंगळीशेजारच्या बोटाने आपल्याकडे एकच गोष्ट करतात.

"म्हणजे कंट्रोलच्या बाटलीला नाही लावली," रेवती म्हणाली. "फक्त जिच्याकडून आशा होती तिला." तिने रुमालाची घडी घातली. "काका, सोमवारी गप्प बसले तर दिवाळीला मी डॉक्टर होते. सांगितलं तर नोंदणी गेली. आणि सर तर तोंड दाखवू शकणार नाहीत कुठे."

"तू काय करणार?"

"तुम्ही सांगा."

मी जनसंपर्क अधिकारी होतो. मी म्हटलं, "माझे तीन मसुदे तयार आहेत, चौथाही करता येईल."

ती उठली आणि सरळ सरांकडे गेली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि केबिनच्या दाराशी असलेल्या पिंपातलं पाणी फार सावकाश प्यायलो.

"सर, सतरा नंबरच्या बाटलीत हळद आहे."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझ्या प्रयोगशाळेत हळद येत नाही," सर म्हणाले.

"सर, मी तपासलंय."

"परिपत्रक आहे तसं."

"सर, पेशींनी परिपत्रक वाचलेलं नाही."

मग सर म्हणाले, "सोमवारी सतरा नंबर दाखवायचा आहे. तयारी कर." ती बाहेर आली तेव्हा मी तिसरा पेला पीत होतो. तिने माझ्या हातातला पेला घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

सोमवारी समिती आली. तिघांची होती, पण खरी एकीचीच, कारण बाकीचे दोघे रेगेबाई बोलल्या की मान हलवायचे. डॉ. कुमुद रेगे. मुंबईच्या. बुटक्या, केस पांढरेशुभ्र, पायात कॅनव्हासचे बूट. पेशींवर काम करणारी अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली रडून मोठी झालेली. सभागृहात पडदा लावला होता आणि सूक्ष्मदर्शकात दिसणारं त्यावर दिसत होतं. रेवती यंत्रापाशी. संचालक पहिल्या रांगेत. भोइटे मागे चहाचा ट्रे घेऊन.

सर बोलले आणि चांगलं बोलले. पडदा हिरवा झाला. संचालकांनी टाळ्या वाजवल्या, समितीतल्या दोघांनी रेगेबाईंकडे पाहून हात पुन्हा मांडीवर ठेवले.

"सुरेख," रेगेबाई म्हणाल्या. "गाभा काळा का?"

"तोच तर यातला नवा भाग," सर म्हणाले.

"तो तुमचा भाग झाला. पोरी, तू सांग."

रेवतीने सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडे पाहत होते. तिने यंत्रातली डिश काढली आणि तिसरीच एक लावली. पडदा पुन्हा हिरवा झाला, आधीपेक्षाही झगझगीत. संचालकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"या पेशींत जेलीफिशचं जनुक नाही," रेवती म्हणाली. "सतरा नंबरही नाही. यात हळद आहे. मी राहते त्या खोलीतली, स्वयंपाकाची. स्पिरिटमध्ये चिमूटभर." आणि मग पाठ केल्यासारखं, एका दमात, तिने बाटलीचं, झाकणाचं, फवाऱ्याचं, सगळं सांगितलं. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. "सतरा नंबरने काहीही झालेलं नाही. माझं शेवटचं प्रकरण नाहीये, मॅडम."

संचालकांच्या टाळ्या हवेत राहिल्या होत्या, त्या त्यांनी हळूच खाली घेतल्या.

"हळद आली कुठून?" रेगेबाईंनी विचारलं.

संचालकांची मान आपोआप मागे वळली. संस्थेत काही बिघडलं की ती तिकडेच वळायची.

"भोइटे?"

"हळद माझीच होती, साहेब," भोइटे म्हणाले. "पण ताट..."

"पण ताट काय?"

भोइट्यांनी सरांकडे पाहिलं.

"पण ताट जरा जड होतं," ते म्हणाले.

"उद्या माझ्या ऑफिसात या," संचालक म्हणाले.

"हळद मी लावली."

आवाज सरांचा होता. ते उभे होते. ते तसे किती वेळ उभे राहिले कोण जाणे, पण तेवढ्या वेळापुरता एक सरळ माणूस आमच्या देखत त्यांच्या जागी उभा होता, हे मी पाहिलं. मग सरांनी चष्मा सारखा केला.

"मुद्दाम लावली," ते म्हणाले. "विद्यार्थ्याला हवं तेच उत्तर समोर दिसलं तर तो शंका घेतो की नाही, हे बघायचं होतं. ही परीक्षा होती. रेवती त्यात उतरली."

संचालकांचा चेहरा खुलला. त्यांनी मला खूण केली, म्हणजे हे लिहून घ्या. रेगेबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"कोणत्या बोटानं लावलीत?"

सरांनी हात वर केला. करंगळीशेजारचं बोट नीट पुढे काढलेलं, बाकीची मागे. ते त्यांच्या लक्षात यायच्या आत आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं.

"चिमटा नव्हता प्रयोगशाळेत?"

"होता."

"मग?"

सरांनी त्या बोटाकडे पाहिलं. ते परक्याचं असावं तसं. "सवय," ते म्हणाले.

रेगेबाईंनी भोइट्यांना बोलावून चहा घेतला, एक घोट प्यायला आणि म्हणाल्या, "परीक्षेत पोरगी पास. समिती तिला वर्षाची मुदत द्यायची शिफारस करते आहे." बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. "सतरा नंबर पुन्हा करा. नव्या बाटलीनं. आणि अष्टपुत्रे, जे एकीला कराल ते दुसरीलाही करत जा. एवढं तरी शास्त्र पाळा."

संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ताट कपाटावरून खाली काढून टेबलावर ठेवलं होतं. झेंडूची फुलं सुकून कागदासारखी झाली होती.

"हे भोइट्यांना परत द्या."

"देतो."

"लाटकर, आई माझ्या कंपासपेटीला लावायची." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "दर खंडेनवमीला. नंतर पुस्तकांना. नंतर मी प्राध्यापक झालो तेव्हा चष्म्याच्या घराला. मी भांडायचो, तरी लावायची. तुझ्या बुद्धीला नाही लावत, म्हणायची, तिच्यावर माझा विश्वास आहे. यंत्रांचा भरवसा नाही." ते ताटाकडे वळले. "यंदा घरी लावायला कोणी नव्हतं. आणि ताट समोर होतं."

"कुंकू नाही लावलंत?" मी विचारलं.

"कुंकू दिसलं असतं," ते म्हणाले.

बातमी मी लिहिली. विद्यार्थ्यांची सावधानता तपासणारा अभिनव प्रयोग असं तिचं शीर्षक होतं आणि ती माझ्या आधीच्या कोणत्याही बातमीपेक्षा जास्त ठिकाणी छापून आली. सरांना गावोगावी व्याख्यानांना बोलावणी आली. विज्ञानातील सावधानता हा विषय. मी दोन व्याख्यानं ऐकली. पहिल्यात त्यांनी हळद विचारपूर्वक लावली होती, दुसऱ्यात त्यासाठी आदले काही महिने तयारी केली होती. बोट दाखवायचं मात्र ते टाळायचे.

रेवतीने वर्षभर काम केलं. नवी बाटली, नवं खाद्य, नव्या पेशी. अखेर सतरा नंबरने उठवलंच, पण सगळ्यांना नाही. भरल्या डिशमध्ये इथे एक, तिथे एक, असे तुरळक हिरवे ठिपके. मी पाहिलं तेव्हा म्हटलं, "एवढंसंच?"

"एवढंसंच," ती म्हणाली. "पण दिवा देवघरात लागलाय, काका."

त्यावर तिचा प्रबंध उभा राहिला. वृद्धत्व गेलं नाही. मीच त्याची साक्ष आहे.

पुढच्या खंडेनवमीला सर पुन्हा दारात, दोन्ही हात चौकटीला लावून. भोइटे ताट घेऊन आले. या वेळी कोणी काही विचारलं नाही. भोइट्यांनी ताट सरळ सरांच्या हातात दिलं.

"जप्त करून घ्या, साहेब."

"करतो," सर म्हणाले आणि आत गेले.

दुपारी रेवतीने मला बोलावलं. प्रबंध विद्यापीठात द्यायला नेण्याआधी शेवटचा एक प्रयोग तिला पुन्हा करून बघायचा होता. थंड कपाट उघडून ती उभी होती. तिने दोन्ही बाटल्या बाहेर काढल्या, झाकणं उजेडात धरली, ओठांवरून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल कोरा. मग, काय वाटलं कोण जाणे, तिने सतरा नंबरची बाटली उलटी केली.

तळाच्या बरोबर मध्ये, जिथे फवारा कधीच पोहोचत नाही तिथे, हळदीचं एक बोट होतं. त्यावर कुंकवाचं.

तिने दुसरी बाटली उलटी केली. तेवढंच बोट. तेवढंच कुंकू. जागाही तीच.

"कंट्रोललाही लावलंय," रेवती म्हणाली. "आता बरोबर आहे."

आणि तिने दोन्ही बाटल्या हलकेच सरळ ठेवल्या, स्पिरिटचा फवारा उचलला आणि फक्त वरून मारला.